नवमीची भरती

नागपूरच्या बेसामधल्या आमच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर आम्ही भरतीची वेळ काढायला वापरतो. कुणाला सांगितलं तर हसतात. कोकणचा समुद्र इथून गाडीनं आठशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि आमच्या गल्लीत साधा नाला आहे, तोही पावसाळ्यापुरता. पण रीत सोपी आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. सकाळी आणि संध्याकाळी साधारण तेच. छापील तक्त्याशी ताडून पाहिलं तर अर्ध्यापाऊण तासाचा फरक निघतो. पण नागपुरात बसून बोट काढायची नसेल, तर अर्ध्या तासानं कुणाचं काही बिघडत नाही.

पौष लागला की आई स्वेटरवर शाल घेऊन कॅलेंडरसमोर उभी राहते. चष्मा लावते. ओठ हलतात. पाऊणपट तिला तोंडी येत नाही, म्हणून ती आधी निम्मे करते, मग निम्म्याचे निम्मे, मग दोन्हींची बेरीज. "आज सप्तमी," ती म्हणते, "सव्वापाच," आणि गॅसवर चहा ठेवायला जाते. मी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहतो. पौषात आमच्याकडे वारा उत्तरेकडून येतो, कोरडा आणि गार. चादरी दक्षिणेला फुगलेल्या असतात. ओठ फुटतात, टाचा फुटतात. या दिवसांत शेजारीपाजारी उन्हात खुर्च्या टाकून बसतात आणि हा नागपूरचा सगळ्यात चांगला मोसम आहे असं एकमेकांना सांगतात. असेल. मला मात्र या वाऱ्यात चिखलाचा वास येतो. खाडीच्या चिखलाचा. वाऱ्याची दिशा पाहता तो येणं शक्य नाही, हे मला कळतं.

बाबा पंप ऑपरेटर होते. उमरेडहून एसटीनं नागपूरला आले आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या एका पंपघरात लागले, ते तिथूनच निवृत्त झाले. पाण्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. पाणी आळशी असतं, ते फक्त खाली जायला तयार असतं, वर जायचं असेल तर त्याला कुणीतरी ढकलावं लागतं. पंपघराच्या आवाजात बोलायची सवय झाल्यानं ते घरातही मोठ्यानं बोलत. नंतर फुफ्फुसं गेली तेव्हा आवाज गेला, पण मोठ्यानं बोलायचा प्रयत्न गेला नाही. एक एक शब्द ते पंपासारखा वर चढवत. फुफ्फुसं बिडीनं गेली. डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनीच सांगितलं, "बिडीच आहे साहेब. दुसऱ्याचं नाव नका घेऊ." फुफ्फुसाचा तिसरा हिस्सा तेवढा काम करत होता.

माझी धाकटी बहीण सुनीता नर्स आहे. लग्न होऊन ती कोकणात गेली, खाडीकाठच्या एका गावात. यजमान मालवाहू जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने बाहेर. नवीन नवीन तिथं गेली तेव्हा एकदा तिचा फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर लावला होता.

"बाबा, सकाळी घरामागं नुसता चिखल होता. आता पाणी बांधाला लागलं."

"कोणी सोडलं?" बाबा म्हणाले.

"कोणी नाही सोडलं. भरती आहे."

"अवं, पण सोडलं असंल नं कोणीतरी. वरून कुठून."

"वरून नाही बाबा, खालून आलं. समुद्रातून."

 भरती म्हणजे काय ते बाबांना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या लेकीच्या घरामागं पाणी रोज दोनदा कुणी न ढकलता वर चढतं, हे वेगळं. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, लाइनमन नाही. अन् टाइमावर येते म्हणते गा."

पाऊणपटीची रीत सुनीतानंच सांगितली. त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी कॅलेंडर बघून त्या दूरच्या खाडीची भरती जाहीर करू लागले. आधी सकाळची, मग संध्याकाळची. आई वैतागायची. "आपल्या नळाले पाणी केव्हा येते ते सांगा आधी. तिथलं पाणी काय मले हंड्यात भराचं आहे?"

"तुह्या नळाचं काही सांगता येत नाही वं," बाबा म्हणायचे. "थो माणसाच्या हातात आहे."

पुढे फुफ्फुसांनी दगा दिला, ऑक्सिजन आला, पलंग खिडकीशी सरकवला, आणि बाबांची ही करमणूक मागणी झाली. त्यांना समुद्र बघायचा नव्हता. काठावरून बघायला तर मुळीच जायचं नव्हतं. "काठावरून मी नोकरीभर टाकीच पाहिली," ते म्हणाले. "मले पाण्यावर बसाचं आहे. मधात. इंजिन बंद करून. पाणी आपल्या मनानं सरकते का नाही ते पाहाचं आहे." एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला, म्हणून ते आम्ही नीट ऐकलं.

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सोबत सिलिंडर ठेवा, बहीण नर्स आहे ते बरं आहे, म्हणाले. मग पेनाचं टोपण काढत आणि लावत म्हणाले, "जायचं तर या हिवाळ्यात जा. पुढच्या वर्षावर टाकू नका."

बाबांच्या पलंगाशी एक लहान टेबलफॅन होता. धाप लागली की तो तोंडावर लावायचा, म्हणजे त्यांना बरं वाटे. हिवाळ्यातही. सगळे पांघरुणात आणि बाबांच्या तोंडावर पंखा. त्यामुळे वारा बाबांना मानवतो, हे आमच्या घरात ठरलेलंच होतं. कोकणात जायची तयारी करताना आई शेजारणीला सांगत होती, "तिथं तर पंख्याचीबी गरज नाही म्हणते सुनीता. मोकळा वारा."

बायको मुलीच्या दहावीमुळे नागपुरात थांबली. आई, बाबा आणि मी निघालो, आधी रेल्वेनं, पुढे गाडीनं. पोहोचलो तेव्हा बाबा गाडीतून उतरून स्वतःच्या पायांनी सुनीताच्या घरामागच्या बांधापर्यंत गेले. ओहोटी होती. समोर करड्या रंगाचा चिखल, त्यात कलंडलेल्या दोन होड्या आणि लांब मधोमध पाण्याची एक बारीक पट्टी. बाबा चिखलाकडे पाहत उभे राहिले. "गेलं का सगळं?" त्यांनी विचारलं. मी तिथी मोजली. म्हणालो, दुपारी येईल. ते तिथंच खुर्ची मागवून बसले आणि पाणी येईपर्यंत उठले नाहीत.

बोट ठरवणं अवघड नव्हतं. वेळ ठरवणं अवघड होतं.

तो हिशेब आजही मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. हिवाळ्यात तिकडे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, मंद असतो. दहाच्या पुढे तो पडतो आणि समुद्राकडून उलटा वारा सुरू होतो. दुपारी तो इतका वाढतो की माडांच्या झावळ्या एका बाजूला केस विंचरल्यासारख्या होतात. अशात ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडत असलं, तर खाडीच्या मुखाशी दोघांची टक्कर होते. पाणी बाहेर जायला बघतं, वारा त्याला आत दाबतो, आणि लाटा लांबट न राहता आखूड आणि उभ्या होतात. लहान बोटीला त्या वाईट. म्हणजे जायचं सकाळीच आणि दहाच्या आत परत यायचं. पण सकाळी ओहोटी असेल तर जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, बोट खूप खाली राहते आणि आजारी माणसाला उतरवता येत नाही. म्हणजे भरती सकाळी सहा ते सव्वाआठच्या दरम्यान हवी. म्हणजे अष्टमी ते एकादशी. महिन्यातून दोनदा, चार-चार दिवस. त्यातही या दिवसांत पाणी कमी चढतं, त्याला तिकडे भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला भरभरून चढतं, पण ते ऐन दुपारी, वाऱ्याच्या तोंडी.

बाबांना हा हिशेब फार आवडला. धाप लागलेल्या माणसानं एवढं खूश व्हावं हे बघायला विचित्र वाटायचं. आम्ही दोघं ओसरीवर बसून आकडे काढायचो. मी मोबाइलवर वाऱ्याचा वेग बघायचो, ते तिथी सांगायचे. आई आत सुनीताला म्हणायची, "बापलेक पाह्य वं. समुद्रावर वरात काढून राहिले. मुहूर्त काही निघत नाही."

पहिल्या खेपेला निघालाच नाही. शुद्ध अष्टमीला पहाटेच झावळ्या हलत होत्या. दूर समुद्रात कुठंतरी कमी दाबाचा पट्टा होता, एवढंच कळलं. नवमीला जास्त. दशमीला बोटवाला दत्ताराम स्वतःच सांगायला आला. पन्नाशीचा, गप्पिष्ट माणूस. त्याला एरवी सगळंच शक्य वाटायचं, पण त्या दिवशी तोही म्हणाला, "आज नको आजोबा. समुद्र काय पळून जात नाय."

"समुद्र नाही पळत," बाबा म्हणाले. "मी पळून राहिलो."

दत्ताराम हसला. आम्हीही हसलो. एकादशी तशीच गेली.

मग पुढच्या अष्टमीपर्यंत थांबायचं. त्या पंधरवड्याबद्दल मी कमी बोलतो. वाट पाहताना माणूस जागेवर असतो, हे खरं नाही. आलो तेव्हा बाबा बांधापर्यंत जात होते. एकादशीला विहिरीपर्यंत. पौर्णिमेला ओसरीच्या खांबापर्यंत, तेही मध्ये भिंतीला टेकून. दुपारी खाडी काठोकाठ भरायची, ऊन त्यावर पसरायचं, इतकं पाणी की जेटीची फरशी भिजायची. बाबा ओसरीतून तिकडे बघायचे. पाणी तयार, तर वारा सुटलेला. वारा पडलेला, तर पाणी उतरलेलं. मला वाटायचं, ही दोन गणितं कधीतरी जुळतील. ती जुळणारच होती, तिथीच तशा होत्या. तिसरं गणित मात्र एकाच दिशेनं जात होतं आणि त्याला कुठलीही पाऊणपट लागू नव्हती.

वद्य नवमीला पाणी पावणेसातला भरायचं होतं. खाडी आत असल्यानं जेटीवर थोडं उशिरा. सहाला मी बाहेर आलो तर एकही झावळी हलत नव्हती. मोबाइलवर वाऱ्याचा आकडा ताशी चार किलोमीटर, जमिनीकडून. मी बाबांना तो दाखवला. त्यांनी आकडा दोनदा वाचला. "चार," ते म्हणाले, "हे तर आपला टेबलफॅनबी देते."

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना जेटीवर नेलं आणि खुर्चीसकट बोटीत उतरवलं. सुनीतानं लहान सिलिंडर पायाशी बांधला, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आई बोटीत आली नाही. जेटीवर उभी राहून म्हणाली, "लवकर आणजा गा बाबू. मी भाकरी टाकते." दत्तारामनं इंजिन सुरू केलं आणि आम्ही खाडीच्या मुखाकडे निघालो. धुक्यात दोन्ही काठ करडे दिसत होते. पाणी तेलासारखं सपाट. सगळा हिशेब जुळला होता.

मग बाबांना श्वास घेता येईना.

बोटीनं वेग घेतला आणि समोरून वारा आला. कुठून आला? हवा तर पडलेली होती. काही क्षण मला समजेचना. बाबांनी तोंड वळवलं, हात नाकासमोर धरला. तोंड उघडं, पण हवा आत जात नव्हती, बाहेरून कुणी दाबून धरल्यासारखी. सुनीता ओरडली, "दादा, हळू कराले सांग!" चिमट्यावरचा आकडा नव्वदवरून खाली चालला होता. शाल तोंडावर घेतली तर ते घुसमटले. पाठमोरं बसवलं तर वारा खांद्यावरून वळून नाकाशी घोटाळायला लागला. तेव्हा बाबांनीच हातानं खूण केली. बंद. इंजिन बंद.

दत्तारामनं इंजिन बंद केलं आणि वारा थांबला.

बोट अठराच्या चालीनं जात होती. पाठीमागून वारा चारचा. अठरातून चार गेले चौदा. पडलेल्या हवेत चौदाचा गार वारा बोट स्वतः तयार करत होती. आम्ही समुद्राचा वारा मोजला होता, तोही बोटीसाठी, लाटांसाठी. पंख्याचा वारा घरातला, कोमट, हळू. पाण्यावरचा पहाटेचा वारा निराळा. बाबांना थोडा श्वास आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं. "चालली का वारा होणारच," ते म्हणाले. "सायकलीवर होते नं."

इंजिन बंद झाल्यावर फार शांत झालं. पाण्याचा बोटीच्या अंगाला लागून बारीक आवाज येत होता.  सुनीता चिमट्यावरच्या आकड्याकडे बघत होती, मी बाबांकडे. बाबा कुठंतरी वेगळंच बघत होते. बोटीत एक उभा बांबू होता, छत बांधायचा. त्याच्या पलीकडे, टेकाडावर, दीपगृह. त्यांनी एक डोळा मिटला आणि बांबू आणि दीपगृह एका रेषेत धरले. मान अजिबात न हलवता ते तसे राहिले. हळूहळू दीपगृह बांबूच्या मागून निघालं, आधी कड, मग अर्धं, मग सगळं.

"चालून राहिली," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "पाह्यलं का गा? कोणीच नाही चालवून राहिलं."

ओहोटी लागली होती. नवमीची ओहोटी, जोर नसलेली. ती आम्हाला माणसाच्या चालीनंही नव्हे, लहान मुलाच्या चालीनं बाहेर नेत होती. दोन्ही काठ मागे सरकत गेले, मुख आलं, मुख गेलं, आणि समोरचं पाणी रुंद झालं. बाबांनी पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या खुणा बांबूशी धरल्या. एक खडक. एक ताडाचं झाड. एका घराचं कौल. प्रत्येक खूण सुटली की ते मान हलवत, पंपघरात मीटर बरोबर निघाल्यावर हलवत असत तशी. त्यांचा श्वास बसला होता. मी त्यांना त्या हिवाळ्यात इतकं स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्याच वेळी मला दिसत होतं की आम्ही बाहेर चाललो आहोत आणि जितके बाहेर जाऊ तितकं परत यायला इंजिन लागेल.

मी म्हणालो, "बाबा, परतायला हवं."

"थांब."

"हळूहळू जाऊ. अगदी हळू."

"हळू गेलं तर ओहोटी मागं ढकलंल. जोरात गेलं तर वारा तोंडावर." त्यांनी सगळं मनात करून ठेवलं होतं. "दहाले वारा फिरते नं? समुद्राकडून?"

"हो."

"मग फिरू दे. आपल्या मागून येईल थो. त्याच्याच चालीनं जाऊ. त्याची जेवढी, आपली तेवढी. तोंडावर वारा शून्य."

मी आकडे मांडले. बरोबर होतं. सबंध हिवाळा ज्या वाऱ्याला टाळत आलो, त्याच्याच चालीनं चाललो तर बोटीत हवा हलणार नव्हती.

सुनीता म्हणाली, "बाबा, तोपर्यंत पाणी उतरेल. जेटीच्या पायऱ्या उघड्या पडतील. तुम्हाला वर कसं घ्यायचं?"

"चढवा," बाबा म्हणाले. "पाणी चढवलं मी जिंदगीभर. तुम्ही एक बाप चढवा."

दत्ताराम मोठ्यानं हसला आणि नांगर टाकला. आम्ही दीपगृहाखाली, उघड्या समुद्रावर, वाऱ्याची वाट बघत बसलो. ऊन वर आलं, धुकं गेलं. नांगरावर बोट स्थिर झाली आणि आता बाबांना दिसलं की पाणी आमच्या दोन्ही बाजूंनी निघून चाललं आहे, काडीकचरा, फेस, पोफळीची एक झावळी, सगळं बाहेर, न थांबता. ते बघत राहिले. मध्येच म्हणाले, "तुह्या मायले आणाले पाहिजे होतं. नळाचं बोलते रोज."

दहाच्या सुमारास पाण्यावर पश्चिमेकडून सुरकुत्या आल्या. मग वारा. दत्तारामनं नांगर काढला, इंजिन सुरू केलं, आणि बाबा सांगतील तशी चाल धरली. बाबा हात वर करून, बोटं पसरून, हवा अजमावत होते. "थोडं वाढव. थोडं. बस." आणि खरोखर वारा थांबला. बोट चालली होती, लाटा चालल्या होत्या, आणि बोटीतली हवा घरातल्यासारखी उभी होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला माहीत आहे. हिशेब जुळलेल्या माणसाची नजर मला ओळखू येते.

हवा उभी होती, म्हणून इंजिनचा धूरही उभा राहिला.

एरवी बोट पुढे जाते आणि धूर मागे राहतो. आता तो आमच्याच चालीनं, आमच्याबरोबर येत होता. डिझेलचा काळा धूर छताखाली साचला. बाबांना खोकला सुरू झाला. चाल वाढवली तर तोंडावर वारा, कमी केली तर मागून धूर. मुखाशी आलो तेव्हा ओहोटी आणि वारा समोरासमोर होते, लाटा उभ्या झालेल्या. त्यातून निघायला दत्तारामला इंजिनला जोर द्यावा लागला आणि धूर आणखी वाढला. सुनीतानं ओढणी समुद्रात बुडवून त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी ती ढकलली. त्यांची नखं निळी पडत चाललेली मी बघितली. चिमट्यावरचा आकडा मी बघितला, तो इथं लिहीत नाही.

जेटीच्या पायऱ्या उघड्या होत्या. खुर्ची धरून आम्ही तिघांनी त्यांना वर घेतलं. वर आई उभी होती. तिनं पदरानं बाबांचं तोंड पुसलं, पदराला काजळी आली.

त्या दिवशी बाबा बोलले ते फक्त संध्याकाळी. मास्क बाजूला करून म्हणाले, "चालली होती नं गा?"

"चालली होती, बाबा."

तिथल्या दवाखान्यात काही दिवस, मग नागपूर. पुन्हा खिडकीजवळचा पलंग. आता ऑक्सिजनची मशीन कायमची, भाड्यानं आणलेली, दिवसरात्र घरघरणारी. टेबलफॅन मी उचलून ठेवला. आईनं तो परत आणला, त्यांच्या तोंडावर लावला, आणि त्यांना तो अजूनही मानवत होता. हे मला आजतागायत समजलेलं नाही.

फाल्गुनात त्यांचं बोलणं भरकटू लागलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की असं होतं, असं सुनीतानं फोनवर सांगितलं. ते मला दत्ताराम म्हणून हाक मारायचे. आणि सारखं एकच सांगायचे. "इंजिन बंद करा गा." मशीनकडे बोट करून. "इंजिन बंद करा. चालते ते आपल्या मनानं." मी समजावायचो की बाबा, हे इंजिन नाही, ही ऑक्सिजनची मशीन आहे, ही बंद केली तर श्वास बंद होईल. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा म्हणायचे, "दत्तारामभाऊ, बंद करा नं." विनवणीच्या सुरात. बाबांनी कुणाची विनवणी केलेली मी कधी ऐकली नव्हती.

मी बंद करू शकत नव्हतो, आणि बंद न करता त्यांच्यासमोर बसूही शकत नव्हतो.

आईनं एका सकाळी मला दुकानात पाठवलं. "लांब नळी आण," म्हणाली. मी आणली. तिनं मशीन ढकलत स्वयंपाकघरात नेली, ओट्याखाली ठेवली, नळी जमिनीवरून दाराच्या खालच्या फटीतून बाबांच्या पलंगापर्यंत घेतली आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. दाराच्या खाली तिनं जुनी चादर लावली, नळी दबणार नाही अशी. घरघर थांबली. खोलीत एकदम शांत झालं. नळीतून हवा येतच होती.

बाबांनी डोळे उघडले. आवाज नाही, याची खात्री करून घेतली. मग त्यांनी एक डोळा मिटला. खिडकीचा गज आणि समोरच्या गच्चीवरची काळी टाकी, दोन्ही एका रेषेत धरून ते कितीतरी वेळ बघत राहिले. आई पायाशी बसली होती.

"चालून राहिली," ते म्हणाले.

"हो," आई म्हणाली. "चालून राहिली."

तेवढंच. त्याच आठवड्यात ते गेले, दिवसा, मशीन दाराआड चालू असताना.

मशीन भाड्याची होती, ती परत गेली. लांब नळी आईनं गुंडाळून ठेवली आहे, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. पलंग आहे तिथंच आहे. पौषातल्या नवमीला मी सकाळी त्यावर बसतो, बाबा बसायचे त्या बाजूला. एक डोळा मिटतो. गज आणि टाकी एका रेषेत येतात. गच्चीवर चादरी दक्षिणेला फुगलेल्या असतात. स्वयंपाकघरातून, दार लोटलेलंच, आई विचारते, "पावणेसात झाले. चढलं असंल नं गा तिथं?"

चढलं असेल, मी म्हणतो.

टाकी हलत नाही.